जराताईची मावसबहीण

आमच्या कारखान्यात रंग बनतो. भिंतीचा, लोखंडाचा, लाकडाचा, ज्याला जो लागेल तो. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा घेऊन येतं आणि म्हणतं, अगदी असाच द्या. तो असाच करून द्यायचं काम आमच्या खात्याचं. आम्ही छोट्या डब्यात रंग ढवळतो, पत्र्याच्या तुकड्यावर लावतो, वाळवतो आणि तो तुकडा मूळ नमुन्याशेजारी दिव्यांच्या पेटीत धरतो. पेटीत उन्हासारखा उजेड असतो, ट्यूबचा असतो आणि पिवळ्या बल्बचाही असतो. तिन्हींत जुळला तर जुळला, नाही तर पुन्हा ढवळा.

जुळला की नाही हे सांगायची जराताई. मशीन आहे, ते आकडे दाखवतं, पण मशीनने हो म्हटलं तरी आम्ही तिच्याकडे बघायचो. ती मान तिरकी करायची आणि म्हणायची, "जरा पिवळा हवा." किंवा "जरा मळका वाटतोय." कधी पहिल्या फटक्यात पसंत केला असेल तर शपथ. म्हणून जराताई. तोंडावर म्हणायचो आणि ती ओ द्यायची. मला सगळे मामा म्हणतात. वयाने मोठा म्हणून म्हणतात असं मी धरून चालतो.

आमच्या खात्याची एक रीत आहे. कुणी सुरू केली ठाऊक नाही. खात्यातल्या माणसाचं लग्न झालं की ते जोडपं एका दुपारी खात्यात येतं. एक रंग त्याने निवडायचा, एक तिने. दोन्ही एका डब्यात ओतायचे, एकाच काठीला दोघांनी हात लावून ढवळायचं आणि जे निघेल ते पत्र्यावर लावून मागच्या भिंतीवर टांगायचं, खाली दोघांची नावं. याला आम्ही जोडीचा रंग म्हणतो. बहुतेक वेळा चिखलच निघतो. आमच्याकडे बॅच ढवळणारा एकजण आहे, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो म्हणून त्याला डबल म्हणतात. त्याची बायको भेटेल तेव्हा ऐकवते, मी चांगला निळा निवडला होता, यांनी त्याची वाट लावली. संसारातलं खापर फोडायला एक पत्रा मिळतो. रीत वाईट नाही.

हे पत्रे टांगायचं काम जराताईचं. ती खिळा ठोकायची, पत्रा सरळ करायची, मागे सरकून बघायची, पुन्हा जरा सरळ करायची. सगळ्या खात्याचे पत्रे तिने लावले. तिचा मात्र तिथे नव्हता.

नव्हता, कारण ती राहायची एका बाईंबरोबर. बाई लहान मुलांच्या शाळेत शिकवायच्या. जराताई सांगायची, मावसबहीण आहे. आता आम्ही दिवसभर रंगातला फरक शोधणारी माणसं, आम्हाला हे कळणार नाही होय? मावसबहिणीला ताप आला की इकडे जराताईच्या बॅचवर बॅच बिघडायच्या. मावसबहीण मुलांची सहल घेऊन बाहेरगावी गेली की हिचं तोंड उतरलेलं. डब्यात फळं इतकी बारीक चिरलेली असायची की आमच्या घरी तेवढी बारीक फक्त माझ्या चुकांची चिरफाड होते. एकदा डबलने विचारलंच, "ताई, तुमची ती मावशी कुठे असते, मावशी?" मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचं चाललं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराबरोबर आख्ख्या घराने डोळे मिटले होते. आम्हाला वाटायचं, हा आमचा चांगुलपणा. थोडाफार होताही.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. वर्षाच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या घरची माणसं यायची आणि जराताई एकटी ताट घेऊन आमच्या बायकांच्या घोळक्यात उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "बोलावते हो मी तिला. तिला नाही आवडत गर्दी." मग पोरांच्या मागे धावायची, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्यायची. कार्यक्रम संपला की पहिली निघायची.

मग गेल्या वर्षी मुख्य कचेरीतून एचआरच्या बाई आल्या. तरुण, हसऱ्या, हातात खोकं. खोक्यात ओळखपत्राच्या रंगीत फिती आणि सहा पट्ट्यांचे बिल्ले. त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं, की हा प्राइडचा महिना आहे, या सहा रंगांचा झेंडा म्हणजे कुणी कुणावर प्रेम करावं यावरून कुणाला कमी लेखायचं नाही, आणि कामावर येताना कुणाला आपलं अर्धं आयुष्य घरी ठेवून यावं लागू नये. आमच्या लोडिंगवाल्यांपैकी एकजण खिदळला. एचआरच्या बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो बिल्ला लावून गप्प बसला. मी कपाळाला आठ्या घालून बसलो होतो. मुख्य कचेरीवाले नेहमी उंटावरून शेळ्या हाकतात. पण ते शेवटचं वाक्य मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

फाटकावर तसल्याच सहा पट्ट्या रंगवायच्या होत्या. त्यांचे नमुने कचेरीतून आले आणि जराताईने पेटीत धरले. "जांभळा उन्हात बरा आहे," ती म्हणाली, "ट्यूबखाली जरा तपकिरी मारतोय." तिने तो जांभळा तीनदा करायला लावला. डबल वैतागला. "फाटकच आहे ना ताई, फाटकच आहे." ती म्हणाली, "असू दे. नीट करू." त्या आठवड्यात तिने कुणालाच शिव्या घातल्या नाहीत. फलकावर नवी सूचना लागली होती, की कंपनीच्या विम्यात जोडीदार म्हणून आता कुणाचंही नाव देता येईल, लग्नाचा कागद लागणार नाही. जाता-येता ती त्या फलकापाशी रेंगाळताना मी पाहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की जराताईचा जोडीचा रंग आता झाला पाहिजे. खात्यात सगळ्यांना विचारलं. एकही नाही म्हणाला नाही. डबल तर दोनदा हो म्हणाला. घरी बायकोला सांगितलं, तर ती भांडी पुसता पुसता थांबली. "जिचा रंग तिलाच पत्ता नाही? ही कुठली रीत?" मी म्हटलं, तुला आमच्या खात्यातलं काय कळतंय. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं होतं तेव्हा आधी कुणीतरी शहाणं माणूस असं बोललेलं असतंच.

रविवारी सकाळी जराताई बाजारात जाते हे मला माहीत होतं. त्या वेळेला मी तिच्या घरी गेलो. बाईंनीच दार उघडलं. बारीक चणीच्या, पांढरे होत आलेले केस मागे बांधलेले. मला ओळखलं. "मामा ना? ती तुमच्याबद्दल फार बोलते." मी काय बोलते ते विचारलं नाही. सरळ मुद्द्यावर आलो. आमची रीत सांगितली. ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, कुणाच्या पत्र्याचा रंग कसा आहे इथपर्यंत.

"मला मावसबहीण म्हणून बोलावताय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. जोडीचा रंग करायला बोलावतोय."

त्या गॅसपाशी गेल्या, चहाखालचा गॅस बंद केला आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चहा अजून उकळलाही नव्हता. "ती मला दरवर्षी म्हणते, एकदा तरी ये," त्या म्हणाल्या. "मीच नाही म्हणत आले. शाळा आहे, पालक आहेत. एकाने तोंड उघडलं की संपलं. दरवर्षी ती एकटी जाते आणि येऊन मला सांगते, काही विशेष नव्हतं."

"विचार करा," मी म्हटलं. "घाई नाही."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "येते मी. पण तिला सांगू नका. मला तिचा चेहरा बघायचाय." आवाजात अशी गंमत होती की माझ्यासारख्या माणसालाही हसू आलं. मी कबूल झालो.

ठरलेल्या दुपारी खात्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एचआरच्या बाईंना मी एवढंच सांगितलं होतं, की आमच्या ताईंच्या जोडीदार येणार आहेत. त्यांनी उत्साहाने मोठ्या साहेबांनाच आणलं. मोठे साहेब आमच्या खात्यात कधी येत नाहीत, त्यांना रंगाच्या वासाने शिंका येतात. जराताईला आम्ही सांगितलं होतं, फाटकाचं काम छान झालं म्हणून साहेब तुझं कौतुक करणार आहेत. ती ॲप्रन बदलून आली होती. मधल्या टेबलावर रिकामा डबा, ढवळायची काठी आणि रंगांचे छोटे डबे ओळीने मांडलेले. ते बघून तरी तिला कळायला हवं होतं, पण साहेब समोर असताना माणसाला समोरचं दिसत नाही.

बाई दारात आल्या. फिकट निळे कपडे, कानात मोती. छातीवर तो सहा पट्ट्यांचा बिल्ला, फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिलेला. त्यांनी गर्दीतून आधी जराताईला शोधलं, आणि सापडल्यावर हसल्या. लहान मुलांच्या बाई वर्गात हसतात तसं नाही. वेगळं. ते हसू मी पाहिलं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

मोठ्या साहेबांनी वळून पाहिलं. "या कोण?"

आणि जराताई म्हणाली, "ही माझी मावसबहीण."

क्षणही लागला नाही. आम्हाला नेहमी सांगायची तोच सूर, तोच वेग. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. ती बिल्ल्याकडे बघत होती, मग टेबलावरच्या डब्याकडे, मग काठीकडे. सगळं एकदम कळलं तिला. 

त्या वेळी आमच्यापैकी कुणीही बोलू शकलं असतं. ताई, काय हे, असं म्हणून एकाने हसून घेतलं असतं तरी गाडी रुळावर आली असती. पण तिने आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला तिची कीव आली. मीच पुढे झालो. "या, या. ताईची मावसबहीण म्हणजे आमचीही बहीणच." डबलने खुर्ची ओढली. "बसा बाई, बसा." कुणी पाणी आणलं. सारवासारव करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. बघता बघता आख्ख्या खात्याने बाईंना मावसबहीण करून खुर्चीत बसवलं.

एचआरच्या बाई बिचाऱ्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "मग ताईंच्या जोडीदार नाही आल्या?"

 उत्तर बाईंनीच दिलं.

"त्यांना जमलं नाही," त्या म्हणाल्या. "शाळा असते त्यांची."

जराताई खुर्चीशेजारी तशीच उभी होती. साहेबांना शिंक आली. एचआरच्या बाईंना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, निदान बहिणीने तरी काठीला हात लावावा, घरचंच माणूस आहे. बाईंनी मान हलवली. "नको. ते जोडीचं असतं म्हणे." मग टाळ्या झाल्या, फाटकाबद्दल झाल्या, साहेबांनी दोन शब्द बोलून काढता पाय घेतला. पुढ्यातला चहा बाईंनी संपवला, कप जागेवर नेऊन ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला. जराताईला म्हणाल्या, "मी निघते. तुझं काम चालू दे." तिने नुसती मान डोलावली.

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. माफी मागायची होती. पहारेकऱ्यापाशी त्यांनी बिल्ला काढला. "हा परत द्यायचा असतो का?"

"नाही हो, ठेवा तुम्हाला," तो म्हणाला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

"बाई, तिचं असं..." मी सुरुवात केली.

"तिची चूक नाही, मामा. मीच शिकवलंय तिला." त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा ती अडखळायची. मालकाने विचारलं की आधी माझ्याकडे बघायची. मी घरी उभं करून घोकून घेतलं तिच्याकडून. कुणी विचारलं की थांबायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, लगेच सांगून टाकायचं. थांबलं की लोकांना कळतं." मग म्हणाल्या, "आज सकाळी मी मुख्याध्यापिकेला खरं कारण सांगून सुट्टी घेतली. म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी खरं कारण सांगावं. त्या म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, बघा."

 बस आली तेव्हा त्या चढल्या आणि खिडकीतून त्यांनी हात हलवला, सहलीला निघालेल्या मुलांना हलवतात तसा. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर जराताई कामावर यायची, पत्रे बघायची, पण बोलायची फक्त रंगाबद्दल. मशीनने हो म्हटलं की तीही हो म्हणायला लागली. मधे कळलं, की बाईंना शाळेने काढलं नाही, पण लहान वर्ग काढून घेऊन कार्यालयात बसवलं. मग त्यांनी स्वतःच दुसऱ्या गावातली शाळा शोधली. तिथे त्या एकट्याच गेल्या. का, ते आम्ही विचारलं नाही. न विचारण्यात आम्ही पटाईत.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत जराताई कप घेऊन आमच्या टेबलावर आली. बऱ्याच दिवसांनी. बसली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. ती माझी मावसबहीण नव्हती."

डबलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठाऊक आहे, ताई."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं रडेल. रडली नाही. पेटीत पत्रा धरावा तसं एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली, आणि आम्ही एकेक करून नजर चुकवत गेलो.

"मग त्या दिवशी एकही जण बोलला कसा नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"तीही असंच म्हणाली," जराताई म्हणाली. "घरी गेल्यावर मी विचारलं, तू तरी खरं का नाही सांगितलंस, मी काय खोटं पाडलं असतं तुला? तर म्हणाली, सगळ्यांसमोर तुला वाईट वाटलं असतं. भांडलीसुद्धा नाही. बॅग भरतानाही माझे कपडे वेगळे काढून घड्या घालून ठेवले."

"ताई, आम्हीच घोळ घातला," मी म्हटलं. "मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते, मामा. घाबरले असते. ती नाही घाबरली." तिने कपाची कड बोटाने पुसली. "माझं बोलून झालं ना, त्यानंतरही वेळ होता. ती खुर्चीत बसली, चहा प्यायली, साहेबांचं भाषण ऐकलं. तेवढा सगळा वेळ मी तिच्या शेजारी उभी होते. नुसता हात धरला असता तरी चाललं असतं. बोलायचीही गरज नव्हती."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही.

"तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत," ती म्हणाली. "तिनेही मलाच सांभाळलं. आणि तिला सांभाळायचं, ते काम माझं होतं."